सारवलेली बाळंतपणाची खोली

आमच्या दवाखान्यात हत्यारं उकळायचा एक पत्र्याचा डबा होता. खाली स्टोव्ह, वर डबा, त्यात कातर, चिमटे, सुया. एका दुपारी मी झाकण उघडलं तर चिमट्यांच्या सोबतीला शिंगाडे उकळत होते. कंपाउंडरांनी टाकले होते. मी विचारलं तेव्हा ते जराही न लाजता म्हणाले, "पानी तं उकळूनच राहिलं आहे ना बाई, मंग काय बिघडते?" मी ते शिंगाडे खिडकीतून बाहेर फेकले, डबा घासला आणि हत्यारं पुन्हा पहिल्यापासून उकळली. कंपाउंडर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि तो तिथंच असलेला बरा, असं माझं मत होतं.

मी वाढले जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये. वडील कारखान्यात होते. आमच्याकडे सिमेंटची जमीन, नळाचं पाणी, मोरीत फिनाईल. स्वच्छता म्हणजे फिनाईलचा वास, एवढं माझं बालपणीचं ज्ञान. नर्सिंग शिकले नागपूरला, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर माझी नेमणूक झाली आंधळगावच्या पुढं, तुमसरच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात. गावाचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. एक मोठं तळं, तळ्याखाली धानाच्या बांध्या, आणि गावाबाहेर सरकारनं बांधलेला आमचा दवाखाना. डॉक्टरांची खोली, औषधांची खोली, सहा खाटांचा एक वॉर्ड आणि कोपऱ्यात बाळंतपणाची खोली. त्या खोलीची शहाबादी फरशी तीन-चार ठिकाणी फुटलेली होती. फटींत जमिनीचं पाणी यायचं. डॉक्टर वर लिहून लिहून थकले आणि मग वर्तमानपत्र वाचायला लागले.

ती खोली माझी होती. म्हणजे कागदावर सरकारची, पण चपला बाहेर काढल्याशिवाय तिथं खुद्द डॉक्टरही पाऊल टाकत नसत. रोज सकाळी फरशी धुवायची, मग फिनाईल, आठवड्यातून एकदा फॉर्मेलिन ठेवून दारं-खिडक्या बंद. फटींत ब्लीचिंग पावडर भरायची. हे सगळं आमची आया करायची आणि मी तिच्या डोक्यावर उभी राहायची. आया गावातलीच, पन्नाशीची, कामाला वाघ. "खोली साफ पाहिजे," हे वाक्य मी तिला दिवसातून इतक्यांदा ऐकवायची की ती माझी नक्कल करून वॉर्डातल्या बायांना हसवायची. मला ते माहीत होतं.

गाव घाणेरडं होतं असं मात्र कुणी समजू नये. मी तशी समजूत घेऊन गेले होते आणि ती पहिल्या महिन्यातच मोडली. शेतकऱ्यांची घरं मातीची, पण भिंती छुईच्या पांढऱ्या मातीनं पोतलेल्या, अंगण सकाळी शेणाच्या सड्यानं ओलं, आतली जमीन सारवून तळहातासारखी गुळगुळीत. माझ्या क्वार्टरपेक्षा ती घरं जास्त नीटनेटकी दिसायची. पण त्यांच्या आणि माझ्या स्वच्छतेचं जमत नव्हतं. त्यांना फिनाईलचा वास आला की मुतारी आठवायची, आणि मला शेणाचा वास आला की धनुर्वात.

धनुर्वाताची मुलं मी तिथं पाहिली. घरी बाळंतपण झालेलं असायचं. मूल चांगलं जन्मायचं, चांगलं रडायचं, आठवडाभर दूध प्यायचं. मग एके दिवशी तोंड उघडायचं नाही. आई छाती तोंडाशी नेते आणि मूल ओठ आवळून बसतं. त्यानंतर अंग ताठ होतं, पाठ वाकते, आणि हात लावला तरी झटका येतो. गावात त्याला 'आठव्या दिवसाची बाधा' म्हणत. अशी मुलं आमच्याकडे यायची ती सगळे उपाय करून झाल्यावर, आणि त्यांतलं एकही मी वाचलेलं पाहिलं नाही.

अशी दोन मुलं गेलेली एक बाई आमच्याकडे आली, त्या वर्षी आषाढात. वय बावीस-तेवीस. बाजाराच्या दिवशी, डोक्यावर टोपली घेऊन, कुणी पाहू नये अशा बाजूनं आत शिरली. तिसऱ्यांदा दिवस गेले होते. मी पहिल्या दोन मुलांचं विचारलं. तिनं सांगितलं, अगदी शांतपणे, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. दोघंही मुलगे. दोघंही आठव्या दिवशी.

"नाळेवर काय लावलं होतं?" मी विचारलं.

"राखड."

"कशाची?"

"गवरीची. गाईच्या."

मी तिला सांगितलं. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. गोवरी जळली तरी ती राख गुरांच्या कोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहते, त्यात पुन्हा माती-शेण मिसळतं, आणि ते कापलेल्या नाळेतून मुलाच्या अंगात जातं. बाधा नाही, नजर नाही. मी हे मुलांना पाढे सांगावेत तसं सांगत असे, कारण रोजच सांगावं लागे. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"राखड माह्या सासूनं लावली होती जी," ती म्हणाली. "चाळून चाळून, कापडानं गाळून. चांगल्या मनानं."

मी तिचा केसपेपर पुढं ओढला.

"हे त्यायले नोका सांगू. मरून जाईन ते बाई."

मला राग आला. मी म्हटलं, सांगितलं नाही तर तिसऱ्यालाही लावतील, मग काय करशील? तेव्हा तिनं जे सांगितलं ते असं. दुसरा मुलगा गेला तेव्हा भाऊबंदांनी बैठक घातली. ही बाई पांढऱ्या पायाची, हिला माहेरी धाडा, पोराला दुसरी करा, असं ठरत आलं. नवरा मान खाली घालून बसलेला. सासू घरातून बाहेर आली, दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, माझी सून कुठं जाणार नाही, ज्याला पटत नसेल त्यानं माझ्या ओसरीवर येऊ नये. आणि बैठक उठली.

"मी इथंच येतो बाळंतपणाले," ती म्हणाली. "तुमी सांगजा, सरकारचा नियम आहे म्हणून. राखड लावाची नाही, असा नियम आहे म्हणून."

मी कबूल केलं. मनापासून नाही, पण केलं. तिला धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन दिलं. दुसरं घ्यायला ती आली तेव्हा आमचा रॉकेलवरचा फ्रिज बंद पडून औषधं खराब झालेली होती. पुढं धानाची रोवणी लागली, आणि रोवणीत बायका चिखलातून बाहेर येत नाहीत. दुसरं इंजेक्शन राहिलं ते राहिलंच. म्हणजे आता सगळी भिस्त उरली कातरीवर, दोऱ्यावर आणि माझ्या त्या खोलीवर.

दिवाळीनंतर, धानाची कापणी चालू असताना, एका सकाळी ती आली. बरोबर सासू. उंच, काटक बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, नजर अशी की समोरच्या बाईनं आपला पदर तपासून पाहावा. कळा नुकत्या सुरू झाल्या होत्या, वेळ होता. मी सुनेला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवलं, हत्यारं उकळून झाकून ठेवली, आणि दोन घास खायला क्वार्टरवर गेले. जाताना आयाला नेहमीचं वाक्य ऐकवलं. खोली साफ पाहिजे.

मी गेल्यावर जे झालं ते मला नंतर कळलं. सासूनं बाळंतपणाची खोली दारातून पाहिली. फुटकी फरशी, फटींत पांढरी भुकटी, नाकात जाणारा वास. या खोलीत आजवर किती बायका बाळंत झाल्या असतील, सगळ्यांचा विटाळ जमिनीत मुरलेला. आपल्या घरी जन्म व्हायचा असता तर तिनं पहाटे उठून जमीन सारवली असती. इथं कुणी ते केलेलं नव्हतं. तिनं आयाला विचारलं, बाई, इथं सारवत नाही काय? आयालाही ते एकदम पटलं. दवाखान्यामागं नेहमी गाई चरायच्या. दोघींनी मिळून ताजं शेण आणलं, बादलीत कालवलं, आणि चपला बाहेर काढून, नियमाप्रमाणे, आत जाऊन सगळी खोली सारवली. फटींत तर शेण असं छान बसलं की फरशी पहिल्यांदा सपाट दिसली. दाराशी सासूनं तांदळाच्या पिठाची चार बोटं ओढली.

मी आले तेव्हा दोघी उंबऱ्याशी उभ्या राहून आपलं काम पाहत होत्या. आया मला पाहून हसली. "पाहा बाई, कशी दिसून राहिली खोली! तुमीच तं म्हनता, साफ पाहिजे."

कामात मी किती रागीट होते ते वर सांगितलंच आहे, पण तसा राग मला त्याआधी आला नव्हता आणि नंतरही नाही. वर्षभर त्या फटींशी मी भांडले होते, आणि नेमक्या त्या दिवशी, नेमक्या त्या बाईसाठी, त्या फटी शेणानं लिंपलेल्या. मी बादली लाथेनं उडवली. आयाला म्हटलं, जा, तोंड दाखवू नको. मग सासूकडे वळले.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे?"

"सांगाले कायले पाहिजे?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "लेकरू येऊन राहिलं आहे घरात. जमीन सारवाले नाही पाहिजे?"

"दवाखान्यात शेण चालत नाही."

"काहून चालत नाही? शेनानं काय होते? सांगा ना. काय होते शेनानं?"

ती खरंच विचारत होती. भांडायला नाही, समजून घ्यायला. उत्तर माझ्या जिभेवर होतं, एका वाक्याचं. तिच्या पाठीमागं, बाकावर, सून दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसली होती. कळ आली होती तिला. त्या कळेतही ती माझ्याकडे पाहत होती आणि मान हलवत होती, नाही, नाही.

"सरकारचा नियम आहे," मी म्हटलं.

"सरकारच्या घरी गाय नाही काय?" सासू म्हणाली आणि तोंड फिरवून सुनेजवळ जाऊन बसली.

डॉक्टर वर्तमानपत्र हातात घेऊनच बाहेर आले. त्यांनी खोलीत डोकावलं, परत गेले आणि आपलं टेबल रिकामं करायला लागले. "इथं घ्या," ते म्हणाले. डॉक्टरांच्या खोलीची फरशी फुटलेली नव्हती, हाच तिचा एक गुण. कंपाउंडर आणि मी टेबल साबणानं धुतलं, जमीन पुसली, भिंतीवरचं देवांचं कॅलेंडर धूळ झडते म्हणून काढलं. रबरी चादर घातली, त्यावर उकळून वाळवलेलं कापड. कातर आणि दोरा मी पुन्हा उकळले, आधी उकळलेले असूनही. आया दाराबाहेर रडत पाणी तापवत होती. तिला मी हाकललं होतं, पण ती गेली नव्हती, आणि मीही तिला पुन्हा हाकललं नाही.

दुपार कलायच्या आत मुलगी झाली. चांगली मोठी, काळ्याभोर केसांची, आणि घसा असा की डॉक्टर बाहेरून म्हणाले, "ऐकू आलं." नाळ मी स्वतः कापली, बांधली, आणि तशीच उघडी ठेवली. सासूनं आत येऊन नात पाहिली. मग कमरेच्या पिशवीतून कापडाची एक लहानशी पुरचुंडी काढली. मला उघडून बघायची गरज नव्हती.

"नियम नाही," मी म्हटलं.

तिनं पुरचुंडी परत ठेवली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पण या वेळी काहून, कायले असं काही विचारलं नाही.

बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी घरी पाठवायची आमची पद्धत. डॉक्टरांना मी म्हटलं, हिला मी आठवा दिवस उलटेपर्यंत सोडणार नाही. सोडलं तर घरी गेल्यावर राख लागेल. ते म्हणाले, खाट तुमची, वॉर्ड तुमचा, मला काय विचारता? मग ती राहिली आणि सासूही राहिली, वॉर्डाच्या भिंतीला टेकून. घरी कापणी चालू, मजुरांचा स्वयंपाक कोण करतं कोण जाणे, पण ती हलली नाही. मुलीला घेण्याआधी नळावर साबणानं हात धुवायचे, असा मी आणखी एक नियम सांगितला. हा तिनं असा पाळला की साबणाची वडी झरझर झिजली.

बाळंतपणाची खोली खरवडायला आणि धुवायला पुढचे कितीतरी दिवस गेले. फटींतलं शेण निघता निघेना. आया खुरपं घेऊन बसायची आणि मी ब्लीचिंग पावडर ओतायची. तिला मी पहिल्यांदाच नीट बसून सांगितलं, शेणात काय असतं आणि आपण ते का काढतोय. आधी मी तिला फक्त वाक्य ऐकवत होते. सांगून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, मग त्या बाईच्या दोन लेकरांचं...? मी म्हटलं, हळू बोल. तिनं पदर तोंडाला लावला आणि खुरपं चालवत राहिली. ही गोष्ट तिच्या तोंडून बाहेर गेली नाही, याची मी खात्री देते. तशी वेळच आली नाही.

आठव्या दिवशी मी माझं काम सोडून दर थोड्या वेळानं त्या खाटेपाशी जात होते. मुलीचं पोट दाबून बघायची, हनुवटीला बोट लावायची. ती तोंड उघडायची, माझं बोट चोखायची आणि दूध नाही म्हणून भोकाड पसरायची. सुनेच्या कपाळावर घाम होता, थंडी असूनही. दिवस मावळला तसं मुलीनं पोटभर दूध पिऊन अंगावर ओकलं. मला वाटतं त्या ओकारीइतकी आवडलेली गोष्ट मी त्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळापाशी कपडे भिजवत होते. सासू आली. हात धुतले, पण गेली नाही.

"एक विचारू जी?"

"विचारा."

"त्या दोघाइले राखड लावली होती. हिले नाही लावली. बाकी सगळं तेच. आईबी तेच, बापबी तोच." ती थांबली. "नियमाचं नोका सांगू आता."

मी सुनेला शब्द दिला होता. खोटंही मला बोलायचं नव्हतं. मग मी अर्धंच खरं सांगितलं. म्हटलं, नाळ कशानं कापता त्यावरही असतं. विळ्यानं कापली, विळा मातीत पडलेला असला, तरी हा रोग होतो. घरी सुईण आली असेल, तिनं विळा वापरला असेल. त्यानं झालं असेल. मला वाटलं, दोष सुईणीवर गेला तर जाऊ दे, ती काही माझ्यासमोर उभी नाही.

सासूनं नळ बंद केला.

"विळा बी मीनंच देल्ला होता," ती म्हणाली. "दगडावर घासून, चांगली धार करून देल्ला."

ती वॉर्डात गेली आणि मी तिच्या मागोमाग गेले, का ते मलाही ठाऊक नव्हतं. खाटेपासून चार हात दूर, भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली. मुलगी रडत होती. नेहमी अशा वेळी सासू धावायची. आज तिनं हात पाठीमागं घेतले होते.

"आत्याबाई, घ्या ना हिले," सून म्हणाली.

"मी नाही घेत."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. मग तिनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. तिनं मुलीला दुपट्यात गुंडाळलं, खाटेवरून सावकाश उतरली, भिंतीपाशी गेली.

"कापणी सरली की मले वावरात जा लागन," ती म्हणाली. "मंग हिले कोन पाहीन? बसा खाली."

सासू बसली. सुनेनं मुलगी तिच्या मांडीवर ठेवली, खाटेवर परत आली, आणि त्या दोघींकडे पाठ करून झोपली. आठ दिवसांत मी तिला अशी निर्धास्त झोपलेली पाहिली नव्हती. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. सासू मांडी न हलवता, मुलीला झोके न देता, तशीच बसून राहिली, आणि सून जागी होईपर्यंत उठली नाही.